घाल खांदा

ऋतुजाचं लग्न झालं ते साल दोन हजार एकेचाळीस. वैशाखातलं लग्न, मिरज रस्त्यावरच्या हॉलमध्ये. त्याच आठवड्यात सांगलीच्या हळद बाजारात सरकता पट्टा बसला, त्यामुळे बिरुदेव सरगरच्या डोक्यात ते साल पक्कं बसून राहिलं. लेक नांदायला गेली आणि तिसऱ्या दिवशी अडत्यानं त्याला बोलावून सांगितलं, "मुकादम, उद्यापासून गाडीला चाळीस माणसं नकोत. चार बास झाली."

बिरू तेव्हा एकावन्न वर्षांचा होता. पस्तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माणूस. पोत्याला नुसता तळहात लावला की आतली हळद किती किलो ते सांगायचा, आणि काटा त्याच्यापेक्षा अर्धा किलो इकडे तिकडे दाखवायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. गुडघे त्याच्याही आधीपासून गेले होते. जिना उतरायचा तो उलटा, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, बाळासारखा.

चाळीसातले चार कोण ठेवायचे हे त्यालाच ठरवायला लावलं. त्यानं स्वतःला ठेवलं, दस्तगीर मुल्लाला ठेवलं, हणमंत बंडगरला ठेवलं आणि सिद्धनाथ कोळेकरला ठेवलं. सिद्धनाथ म्हणजे नवा जावई. पोरगा पाच वर्षांपासून टोळीतच होता, कवठेमहांकाळकडचा, हाडापेरानं चांगला. बिरूनंच त्याला लेकीसाठी बघितलं होतं. लग्नाच्या आधी "सिध्या, पाणी आण" म्हणणारा मुकादम लग्नानंतर "पाव्हणं, पाणी घ्या" म्हणायला लागला, तेव्हा हणमंत हसून हसून खाली बसला होता.

"आता पोतं बी आरतीच्या ताटात घालून द्या त्यांना," तो म्हणाला.

एवढं मात्र खरं, की हाकेत अहोजाहो बसत नव्हतं. त्या टोळीची एक हाक होती. पोत्यांची थप्पी कलली, गाडीवरचा माल सरकला, की मुकादमानं ओरडायचं, "घाल खांदा!" जो जवळ असेल त्यानं विचार न करता खांदा लावायचा, बाकीचे मागून येऊन भिडायचे. बिरूच्या आज्यापासून ही हाक चालत आलेली. माल खाली पडू द्यायचा नाही. ज्याच्या हातून पडला त्यानं टोळीला आठवडाभर चहा पाजायचा आणि बोलणी खायची. चहापेक्षा बोलणी वाईट असत.

चौघंही फार दिवस टिकले नसते. पण त्या पावसाळ्यात बाजारात डॉक्टर लोक आले आणि हमालांच्या हाडांचे फोटो काढायला लागले.

त्यामागची गोष्ट अशी. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ कायम सावलीत असलेल्या खड्ड्यांत बर्फ आहे. तो खणून त्याचं पाणी आणि इंधन करायचं काम एका कंपनीनं सुरू केलं होतं. सामान उतरवायला यंत्रं नेली. पण चंद्रावरची धूळ म्हणजे दळलेली काच. तिथं वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कणाची धार कधी बोथट होत नाही. ती धूळ यंत्रांच्या सांध्यात शिरायची आणि दोन महिन्यांत यंत्र लंगडं व्हायचं. शेवटी माणसं लागणार हे ठरलं. माणसांची अडचण वेगळी होती. हाड ओझ्यावर जगतं. ओझं पडलं की ते घट्ट होतं, ओझं निघालं की आतून पोकळ होत जातं. चंद्रावर माणसाचं वजन सहावा हिस्सा उरतं, तेव्हा हाडाला वाटतं, आता आपलं काम संपलं. मग कुणीतरी शोधून काढलं, की जन्मभर ओझी वाहिलेल्या माणसांच्या कमरेची आणि मणक्याची हाडं इतरांपेक्षा खूप घट्ट असतात, ती झिजायला वेळ लागतो. गुडघे गेलेले चालतील, ते म्हणाले, तिथं गुडघ्यांना काही काम नाही.

चौघांचे फोटो उत्तम निघाले. बिरूचे सगळ्यात उत्तम.

करार अठरा महिन्यांचा होता. बिरूनं त्यात एक कलम स्वतः घालायला लावलं. टोळी एकत्र जाईल, एकत्र येईल, आणि टोळीच्या वतीनं सही मुकादमाची. बाजारात तसंच होतं. कंपनीला ते सोयीचंच वाटलं.

प्रशिक्षण साताऱ्याजवळ, चाळकेवाडीच्या पठारावर झालं. शिकवायला इनामदार बाई होत्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं सरळ. पहिल्या दिवशी त्यांनी बिरूला काट्यावर उभं केलं. चौऱ्याहत्तर किलो. मग फळ्यावर आकडे लिहीत गेल्या.

"हे मुकादम चंद्रावर उभे राहिले तर काटा दाखवेल बारा. मंगळावर अठ्ठावीस. शनीच्या एका चंद्रावर, टायटनवर, दहा. प्लूटोवर पाचसुद्धा नाही. गुरूवर एकशे सत्त्याऐंशी. गुरूवर पाय टेकायला जमीन नाही, हा हिशेब ढगांच्या माथ्यावरचा."

"आणि शनीवर?" दस्तगीरनं विचारलं.

"एकोणऐंशी."

"म्हंजे पाचच किलो जास्त?" दस्तगीर म्हणाला. "मुकादम, एवढी साडेसाती म्हणत्यात, ती पाच किलोचीच निघाली की!"

बाईसुद्धा हसल्या. मग त्यांनी नीट सांगितलं. शनी पृथ्वीच्या पंच्याण्णव पट भरतो, पण तो इतका फुगलेला आहे, की त्याच्या कडेवर उभा असलेला माणूस मध्यापासून फार लांब पडतो. ओढ दोन गोष्टींवर ठरते, खाली माल किती आहे आणि आपण त्याच्या मध्यापासून किती लांब आहोत. वजन म्हणजे ती ओढ. ते माणसाच्या अंगात नसतं. अंगात असतो तो ऐवज, म्हणजे वस्तुमान, तो कुठंही गेलं तरी तेवढाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौघांना एका गुळगुळीत फरशीच्या खोलीत नेलं. मध्ये सहाशे किलोचा लोखंडी ठोकळा होता, आणि त्याच्याखाली हवा सोडली की तो फरशीपासून केसभर वर उचलला जायचा. दस्तगीरनं एका बोटानं ढकलला. ठोकळा निघाला, अगदी हळू, म्हातारं माणूस देवळात जातं तसा.

"हणमंतराव, थांबवा त्याला," बाई म्हणाल्या.

हणमंत बाजारात एका वेळी दोन पोती उचलणारा गडी. तो पुढं झाला, छाती लावली, पाय रोवले. ठोकळा थांबला नाही. हणमंतला घेऊन तसाच हळू भिंतीपर्यंत गेला आणि भिंतीवरच्या गादीत त्याला दाबून उभा राहिला. हणमंतचा श्वास कोंडला. बाईंनी हवा बंद केली.

"चंद्रावर हा उचलायला शंभर किलोसारखा लागेल. तुमच्या हाताला वाटेल दोन पोती आहेत. पण थांबवताना तो सहाशेच आहे. आणि तुमचे पाय जमिनीला धरणार नाहीत, कारण पाय धरतात ते वजनामुळे, आणि वजन तर तुम्ही इथंच ठेवून गेलात. म्हणून नियम एक. सुटलेल्या मालाच्या वाटेतून बाजूला व्हायचं. फुटला तर फुटू दे."

हा नियम रोज सकाळी चौघांकडून म्हणून घेतला जायचा. चौघं म्हणायचे. पण उचलताना, फिरवताना बिरू सवयीनं हाक द्यायचा, आणि हाकेवर टोळी अशी एका अंगानं हलायची की बघत राहावं. बाईंनी एकदा त्याला बाजूला घेतलं.

"मुकादम, ती खांद्याची हाक तिकडं नको. दुसरी काही तरी बसवा."

"बाई, हाक बदलली की टोळीचा पाय चुकतो."

बाईंनी विषय सोडला. टोळीचं काम सगळ्यांपेक्षा सरस होतं.

फेब्रुवारी बेचाळीसमध्ये टोळी निघाली. तेव्हा ऋतुजाला तिसरा महिना होता. निरोप देताना ती बापाला म्हणाली, "आबा, ह्यांना घेऊन जाताय तसं घेऊन या." बिरू म्हणाला, "टोळी एकत्र जाती, एकत्र येती."

चंद्रावर उतरल्यावर पहिल्या दिवशी बिरूनं एक गोष्ट केली ती कुणाच्या लक्षात आली नाही. झोपायच्या खोलीत तो एकटा असताना उकिडवा बसला. आठ वर्षांत पहिल्यांदा. गुडघ्यांतून कळ आली नाही. तो उठला, परत बसला. मग बराच वेळ तसाच बसून राहिला.

तिथं राहायच्या खोल्या जमिनीखाली होत्या. वर धक्का होता, तिथं यान उतरायचं. यानातून उताराच्या रुळांवरून घसरगाडी खाली यायची, तिच्यावर पेट्या. टोळीनं पेट्या उतरवून खाणीकडच्या गाड्यांवर चढवायच्या. अंगात जाड पोशाख, कानात एकमेकांचा आवाज, वर काळं आभाळ आणि क्षितिजाला टेकून फिरणारा सूर्य. पहिले काही महिने चौघांना मजा वाटली. चहा कपात हळूहळू पडायचा, उडी मारली की खाली यायला कंटाळा येईल इतका वेळ लागायचा. मग मजा संपली आणि काम उरलं.

हणमंतची अवस्था वाईट झाली. "हितं कुणीबी काय बी उचलतंय," तो म्हणायचा. "ती हिशेब लिवणारी काडी पोरगी काल पेटी उचलून बाजूला ठेवून गेली. मग मी कोण?" बाजारात ज्याच्या ताकदीची गोष्ट सांगत, तो आता कामापुरतंच बोलायला लागला.

बिरूचं उलट झालं. तो तिथं तिशीतला झाला. शिड्या चढायचा, कोपऱ्यातलं सामान वाकून काढायचा, रात्री कुशी बदलताना जागा व्हायचा नाही. त्रास फक्त एक होता. हाडांसाठी रोज दोन तास रबरी पट्टे बांधून पळायचं असायचं. पट्टे खांद्यापासून खाली ओढायचे, म्हणजे अंगाला पृथ्वीवरचं वजन परत लागायचं. त्या दोन तासांत गुडघे जसेच्या तसे ओरडायचे. बिरू दोनाचा एक तास करायला लागला, मग एकाचा अर्धा. डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, मुकादम, असं करून खाली गेलात तर चालता येणार नाही. तो हो म्हणाला.

ऑगस्टमध्ये ऋतुजाला मुलगी झाली. ईश्वरी. दर रविवारी पंधरा मिनिटं घरी बोलता यायचं. इकडचा शब्द तिकडं पोचायला सव्वा सेकंद, तिकडचा इकडं यायला सव्वा, त्यामुळे बाप "ईशू" म्हणायचा आणि पोरगी कुठंतरी दुसरीकडं बघायला लागल्यावर तिला हाक ऐकू यायची. सिद्धनाथ नेहमी घाई करून परत बोलायचा आणि दोघांचं बोलणं एकावर एक चढायचं.

पोरगी वर्षाची व्हायला आली तेव्हा ऋतुजानं सांगितलं, साडेनऊ किलो भरली. त्या दिवशी सिद्धनाथनं एक पिशवी घेतली आणि तिच्यात चाळून ठेवलेली माती भरायला लागला.

"काय चाललंय, पाव्हणं?" बिरूनं विचारलं.

"हितं साडेनऊ किलो हाताला लागायचं तर सत्तावन्न किलो भरावं लागतंय, मामा." त्यानं पिशवी बांधली आणि कडेवर घेतली. थोडा वेळ तसाच उभा राहिला. "एवढी जड हाय बगा. घ्या की."

बिरूनं घेतली. नात साडेनऊ किलोची होती तेवढीच ती त्याच्या हाताला लागली. त्यानं लगेच परत दिली.

परत जायची तारीख वीस ऑगस्ट त्रेचाळीस होती. महिनाभर आधी कंपनीच्या साहेबांनी बिरूला बोलावलं. पुढची टोळी तयार होती, पण ही टोळी चांगली बसली होती, म्हणून विचारतो, म्हणाले. राहायचं असेल तर सहा महिने वाढवून मिळतील. जायचं असेल तर जा. कागदावर दोन चौकोन होते, एकावर ‘परत’ आणि एकावर ‘मुदतवाढ’. खाली मुकादमाच्या सहीची जागा.

बिरूच्या पुढ्यात कागद बराच वेळ पडून होता. खाली त्याचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता, बावन्न पायऱ्या. लिफ्ट असायची, नसायची. त्यानं ‘मुदतवाढ’वर खूण केली आणि सही केली. सही त्याला नीट येत होती, त्यासाठी त्यानं मोठेपणी रात्रशाळा केली होती.

जेवताना तो टोळीला म्हणाला, "कंपनी सोडत न्हाई. पुढची टोळी तयार झाली न्हाई. सहा महिनं अजून."

दस्तगीरनं कपाळाला हात लावला. हणमंत जेवत राहिला. सिद्धनाथनं ताट बाजूला सारलं.

"असं कसं, मामा? करारात तर अठराच हाय."

"हाय की. पण त्यांच्याजवळ माणूसच न्हाई तर काय करणार?"

"मी एकटा जातो."

"टोळी एकत्र जाती, पाव्हणं."

"मग परत एकदा इचारून बगा. माझ्यासाठनं."

बिरू उठला. साहेबांच्या दाराशी जाणाऱ्या बोळात गेला आणि तिथल्या नळीवर हात टेकून उभा राहिला. आत कुणीतरी हसत होतं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. तो परत आला.

"इचारलं," तो म्हणाला. "न्हाई जमत म्हणत्यात."

"बरं," सिद्धनाथ म्हणाला. तो सासऱ्याच्या शब्दाबाहेरचा नव्हता. रविवारी त्यानं ऋतुजाला तसंच सांगितलं, आणि ऋतुजानं बापाला बोलवायला लावून विचारलं, "आबा, खरंच सोडत न्हाईत?"

"खरंच, बाळ."

सव्वा सेकंद तिकडं, सव्वा सेकंद इकडं. मग ती म्हणाली, "जपा एकमेकांना."

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सोमवार होता. यानातून पंपाचा एक मोठा भाग यायचा होता, नऊशे किलोची पेटी. हाताला दीडशे लागणारी, म्हणजे तीन पोती. चौघांना ती काहीच नव्हती.

पेटी घसरगाडीवर चढवली आणि गाडी उतारावरून खाली यायला लागली. सिद्धनाथ खाली धक्क्यावर होता, जिथं रूळ संपतात. त्याच्या मागं दिव्याचा लोखंडी खांब. बिरू वर ब्रेकपाशी. निम्म्या वाटेवर ब्रेकनं धरायचं सोडलं. धूळ गेली असणार. गाडी सुटली, पण सुटली असं वाटावं अशी नाही. माणूस भरभर चालतो तेवढ्या वेगानं ती निघाली. आवाज नाही, कारण तिथं हवा नाही. रूळ संपतात तिथून पेटी घसरून खडकावर जाणार हे बिरूला दिसलं.

त्याला जे दिसलं ते हे, की माल कललाय आणि जवळ आपला माणूस आहे. पस्तीस वर्षं जे दिसल्यावर तोंडातून निघत आलं, तेच निघालं.

"घाल खांदा!"

सिद्धनाथचं पाऊल आधी बाजूला पडलं होतं. हे सगळ्यांनी पाहिलं. तो नियमाप्रमाणे बाजूला निघाला होता. हाक कानात आली आणि तो वळला, पेटीला खांदा लावला, पाय रोवले. पाय रोवले गेले नाहीत. ते धुळीवरून मागं घसरत गेले, सरळ, दोन रेघा ओढत. पेटी त्याला घेऊन हळू खांबापर्यंत गेली आणि थांबली.

बाकीचे तिघं उड्या टाकत आले. तिघांनी मिळून पेटी मागं ओढली. ती ओढायला काही जड नव्हती.

पोशाख फाटला नव्हता. आतली छाती गेली होती.

"मामा," सिद्धनाथचा आवाज कानात आला, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. "थांबला का माल?"

"थांबला, पाव्हणं."

"पडला न्हाई?"

"न्हाई."

त्यानंतर श्वासाचा आवाज येत राहिला आणि मग येईनासा झाला. हणमंतनं त्याला दोन हातांवर उचललं. पोशाखासकट तो त्याला वीसेक किलो लागला असेल. हणमंत एकटाच त्याला आत घेऊन गेला, कुणाला हात लावू दिला नाही.

टोळीला डिसेंबरात खाली आणलं. सिद्धनाथला त्याच यानात मागच्या बाजूला ठेवलं होतं. यान हवेत शिरलं तसं वजन परत यायला लागलं. आधी पापण्या जड झाल्या, मग जीभ, मग आपलेच हात मांडीवर कुणीतरी ठेवून गेल्यासारखे. बिरूला वाटलं, आपल्यावर कुणीतरी थप्पी लावतंय आणि ती आता थांबत नाही.

त्याच्या मणक्याला दोन ठिकाणी तडे गेले होते. दस्तगीर आणि हणमंतलाही महिनाभर उभं राहता येणार नव्हतं. कवठेमहांकाळजवळच्या गावी माती झाली तेव्हा तिघं चाकाच्या खुर्च्यांत होते. खांदा द्यायला बाजारातले जुने हमाल आले. सरकत्या पट्ट्यानं घरी बसवलेले छत्तीस जण, सगळे आले. जावयाच्या तिरडीला मुकादमानं नुसता हात लावला. कुणीतरी त्याची खुर्ची मागून ढकलत होतं, आणि वाट खडबडीत असल्यामुळे ती मागं पडत गेली.

चौकशी झाली. कानातलं सगळं बोलणं नोंदलेलं होतं. बिरूला विचारलं, हाक तुम्ही दिली का? तो म्हणाला, दिली. इनामदार बाईंनी लिहून दिलं, की ती हाक आपण प्रशिक्षणातच बंद करायला हवी होती, चूक आपलीही आहे. अहवालात ‘सवयीमुळे अपघात’ असं आलं.

जानेवारीत एका दुपारी ऋतुजा बापाकडं आली. ईश्वरी कडेवर होती. पोरीला तिनं फरशीवर सोडलं, आत जाऊन पाणी आणलं, बिरूच्या उशीपाशी ठेवलं आणि स्टुलावर बसली. बिरू पाठीवर पडून होता. त्याला अजून मान फार वळवता येत नव्हती.

"जेवला का?"

"जेवलो. खालच्या वहिनींनी आणून दिलं."

"आबा, मी ती हाक ऐकली. कंपनीनं पाठवली."

"कशाला ऐकलीस?"

"ऐकावी वाटली. मला त्या हाकेचं काय वाटत न्हाई. लहानपणी मी डबा घेऊन बाजारात यायचे तवा ती हाक आली की माझाबी खांदा हलायचा. तुमच्या तोंडून आली, त्यांच्या अंगानं ऐकली. त्यात तुमच्या हातात काय नव्हतं."

बिरू छताकडं बघत होता.

"पण कंपनीनं अजून एक कागद पाठवलाय." तिनं पर्समधून घडी काढली, उघडली आणि त्याला दिसेल अशी त्याच्या तोंडापुढं धरली. "ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि ही खूण?"

"मीच केली."

"कंपनी सोडत न्हाई म्हणालात."

"म्हणालो."

"ईशूच्या बाबांना बी तेच सांगितलंत."

"व्हय."

"ते मला रविवारी म्हणाले, मामा परत इचारायला गेलते. गेलता का?"

"बोळापर्यंत गेलो. आत न्हाई गेलो."

ईश्वरी खुर्चीचं चाक फिरवत बसली होती. ते कुरकुरत होतं.

"का, आबा?"

बिरूनं उत्तर जुळवायचा प्रयत्न केला नाही. त्याच्याजवळ जुळवायला काही उरलं नव्हतं.

"तिथं गुडघं दुखत न्हवतं," तो म्हणाला.

ऋतुजानं कागद खाली घेतला.

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं कागदाची घडी घातली, होती तशीच, त्याच रेघांवर. "वीस ऑगस्टपासनं त्या सोमवारपतुर मोजलं मी," ती म्हणाली. "एक्याऐंशी दिवस." मग तिनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. पाण्याचा तांब्या त्याच्या हाताच्या अजून थोडा जवळ सरकवला. दार लोटून घेतलं. पायऱ्यांवर तिची पावलं बराच वेळ ऐकू येत होती, बावन्न पायऱ्या, अंगावर पोर घेऊन उतरणाऱ्या बाईची. ती परत त्या घरी आली नाही.

सिद्धनाथ महादेव कोळेकर, वय एकोणतीस, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या धक्क्यावर वारला. दिवस सोमवार, नऊ नोव्हेंबर दोन हजार त्रेचाळीस, आपल्याकडच्या घड्याळानं सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.